ऊष्माचित्रण, इमारतींचे
इमारतीच्या भिंती, छत, गच्ची, फरशी इत्यादींच्या पृष्ठभागांतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणाचे (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य प्रारणाचे) मापन करून पृष्ठावरील तापमानाचे चित्र तयार करणे आणि त्यावरून आत दडलेली ओल, पाण्याची गळती किंवा बांधकामातील दोष यांचा माग काढणे, या पद्धतीस इमारतींचे ऊष्माचित्रण म्हणतात. व्यवहारात ती थर्मल इमेजिंग या नावाने ओळखली जाते. भिंत न फोडता आणि गिलावा न काढता पाहणी करता येत असल्यामुळे ही अविनाशक परीक्षणाची पद्धती ठरते. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या, भर पावसाच्या व दाट वस्तीच्या शहरात ओलीचे मूळ शोधण्यासाठी तिचा उपयोग होतो. मात्र थंड हवेच्या देशांत विकसित झालेली ही पद्धती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

तत्त्व : निरपेक्ष शून्य तापमानापेक्षा (−२७३·१५° से. पेक्षा) अधिक तापमान असलेला प्रत्येक पदार्थ विद्युत् चुंबकीय प्रारण उत्सर्जित करतो. सु. ३०° से. तापमान असलेल्या भिंतीचे प्रारण ९·५ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असते. वातावरण ८ ते १४ मायक्रोमीटर या पट्ट्यात बरेच पारदर्शक असल्याने इमारतींच्या पाहणीसाठी हाच पट्टा वापरतात. उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. नेहमीच्या हवामानात पृष्ठाचे तापमान १° से. ने बदलल्यास दर चौ. मी. मागे उत्सर्जनात सु. ६ वॉट फरक पडतो. आधुनिक कॅमेरे याहून पुष्कळ सूक्ष्म फरक ओळखतात.

समान तापमानाची पृष्ठे सारखेच प्रारण देतात असे मात्र नाही. प्रत्यक्ष उत्सर्जन आणि त्याच तापमानाच्या आदर्श कृष्ण पदार्थाचे उत्सर्जन यांच्या गुणोत्तरास उत्सर्जकता म्हणतात. गिलावा, वीट, काँक्रीट, लाकूड व सामान्य रंग यांची उत्सर्जकता सु. ०·९ ते ०·९५ असते, तर चकचकीत ॲल्युमिनियमची ०·०५ च्या जवळपास असते. त्यामुळे धातूच्या पृष्ठाचे चित्र हे बहुतांशी समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंब असते.

कॅमेऱ्याला भिंतीच्या आतील काहीही दिसत नाही आणि तो पाणी मोजत नाही, ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने मूलभूत आहे. तो केवळ पृष्ठावरील प्रारण मोजतो. आतील ओलीमुळे पृष्ठाच्या तापमानात फरक पडला तरच तिचा सुगावा लागतो. असा फरक पुढील तीन कारणांनी पडतो.

(१) बाष्पीभवन : ओल्या पृष्ठावरील पाण्याची वाफ होताना ते भिंतीतून उष्णता शोषून घेते. सु. ३०° से. तापमानास १ किग्रॅ. पाण्याच्या बाष्पीभवनास सु. २,४३० किलोजूल उष्णता लागते. भिंतीच्या १ चौ. मी. क्षेत्रातून तासाला केवळ २० ग्रॅ. पाणी उडून गेले, तरी सु. १३·५ वॉट इतक्या दराने उष्णता काढून घेतली जाते व पृष्ठ भोवतालच्या कोरड्या भागापेक्षा सु. १·५° से. ने थंड होते. डोळ्यांना डाग दिसण्यापूर्वीच हा फरक चित्रात उमटू शकतो.

(२) ऊष्माधारकता : पाण्याची विशिष्ट उष्णता काँक्रीटच्या सु. साडेचार पट असते. ज्यात वजनाच्या ५ टक्के पाणी मुरले आहे अशा काँक्रीटची ऊष्माधारकता कोरड्या काँक्रीटपेक्षा जवळजवळ पाव पटीने वाढते. म्हणून उन्हात गच्चीचा ओला भाग सावकाश तापतो आणि सूर्यास्तानंतर सावकाश निवतो. सकाळी थंड दिसणारा भाग रात्री उष्ण दिसणे, हे ओलीचे एक गमक होय.

(३) ऊष्मासंवहन : पदार्थाच्या छिद्रांतील हवेची जागा पाण्याने घेतली, की उष्णता अधिक सुलभतेने वाहते. थंड प्रदेशांत घरातील उष्णता ओल्या भागातून जलद बाहेर पडते व तो भाग चित्रात ठळक होतो.

इतिहास : विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त प्रारणाचा शोध लावला. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये काजळी लावलेल्या व अल्कोहॉलात भिजविलेल्या कागदावर वर्णपट पाडून, कमीअधिक बाष्पीभवनामुळे उमटणारे उष्णतेचे चित्र मिळविले. पहिले ऊष्माचित्र अशा रीतीने बाष्पीभवनातूनच निर्माण झाले. सॅम्युएल लँगली यांनी १८८० च्या सुमारास धातूच्या विद्युत् रोधातील बदलावर आधारलेला बोलोमीटर तयार केला. पुढे लष्करी गरजांमुळे या विद्येची वाढ झाली. स्वीडनमधील आगा या कंपनीचे विजेच्या तारांच्या पाहणीसाठी बनविलेले उपकरण १९६५ मध्ये बाजारात आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर यूरोप व अमेरिकेत घरांतील उष्णतेची गळती शोधण्याकडे लक्ष वेधले गेले आणि १९८३ मध्ये इमारतींच्या बाह्य आवरणातील ऊष्मीय अनियमितता शोधण्यासंबंधीचे ‘आयएसओ ६७८१’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या उपकरणांना शीतनाची गरज असे. शीतनाशिवाय चालणाऱ्या सूक्ष्म बोलोमीटरांचा विकास अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात लष्करी संशोधनातून झाला. १९९० नंतर ते नागरी वापरासाठी खुले झाले व हातात धरता येणारे स्वस्त कॅमेरे उपलब्ध झाले.

उपकरण : अवरक्त कॅमेऱ्याचे भिंग साध्या काचेचे नसते. साधी काच दीर्घ अवरक्त तरंगांना अपारदर्शक असल्याने जर्मेनियमासारख्या पदार्थाचे भिंग वापरतात. भिंगामागे सूक्ष्म बोलोमीटरांची जाळी असते. इमारतींच्या कामासाठी १६० × १२० पासून ६४० × ४८० पर्यंत घटकांच्या जाळ्या प्रचारात असून चांगले कॅमेरे ०·०५° से. च्या आसपासचा फरक दाखवितात. चित्रातील रंग कृत्रिम असतात. सर्वांत थंड भागास निळा व सर्वांत उष्ण भागास पिवळा किंवा पांढरा रंग देण्याचा प्रघात आहे. कॅमेरा आपोआप तापमानाची कक्षा ठरवीत असल्यास ०·३° से. इतका क्षुल्लक फरकही निळ्या-पिवळ्या रंगांत भडकपणे दिसतो. म्हणून रंगाकडे न पाहता बाजूच्या मापपट्टीवरील आकडे वाचणे आवश्यक असते.

ओलीचे प्रकार व त्यांची चित्रे : ओलीचे मूळ निरनिराळे असते व चित्रातील आकारावरून त्याचा अंदाज बांधता येतो. छतातून किंवा न्हाणीघरातून झिरपणाऱ्या पाण्याचा भाग अनियमित कडांचा असून उगमाकडे अधिक थंड असतो. जमिनीतून केशाकर्षणाने चढणारी ओल भिंतीच्या तळाशी आडव्या पट्ट्याच्या रूपात दिसते व बहुधा १ मी. पर्यंतच पोहोचते. भिंतीत पुरलेल्या थंड पाण्याच्या नळाची रेषा सरळ व एकसारख्या रुंदीची असते. तिच्यालगत एखाद्या ठिकाणी पसरट डाग असल्यासच गळतीचा संशय घ्यावा लागतो. हवेतील बाष्प थंड पृष्ठावर साकळल्यामुळे आलेली ओल कोपऱ्यांत, कपाटामागे व वातानुकूलित खोलीच्या सामाईक भिंतीवर आढळते.

पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरते असे नाही. मुंबईतील बहुमजली इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे भरण्याची पद्धत आहे. न्हाणी ट्रॅपच्या सांध्यातून निसटलेले पाणी या भरावात साचते, स्लॅबच्या उतारानुसार सरकते आणि खालच्या घरात काही मीटर दूर, बहुधा तुळईच्या कडेला किंवा विजेच्या नळीतून बाहेर पडते. गच्चीवरील विटांच्या कोब्यातही असेच घडते. डाग पडलेल्या जागी रंग किंवा जलरोधक लेप लावून गळती थांबत नाही, याचे कारण हेच होय.

मुंबई किनाऱ्यावरील परिस्थिती : मुंबईत वर्षाकाठी २,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. थंड देशांत हिवाळ्यात घराच्या आतील व बाहेरील तापमानांत १५° ते २०° से. अंतर असल्याने ऊष्माचित्रणास लागणारा तापमानभेद आयता मिळतो. मुंबईत तो मिळत नाही. येथे पाहणी मुख्यतः बाष्पीभवनावर व उन्हावर अवलंबून राहते. हवेचे तापमान ३०° से. व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असताना आर्द्र-फुग्याचे तापमान सु. २८° से. असते. म्हणजे बाष्पीभवनाने होऊ शकणारी घट जास्तीत जास्त २° से. असते व प्रत्यक्ष भिंतीत ती त्याहून पुष्कळच कमी भरते. तापमान ३३° से. व आर्द्रता ४५ टक्के असल्यास हीच मर्यादा ९° से. पर्यंत जाते. यावरून असे दिसते की, गळती प्रत्यक्ष चालू असते त्या ढगाळ, दमट दिवसांतच चित्रातील भेद सर्वांत क्षीण असतो. यासाठी पावसाची उघडीप, ऑक्टोबरमधील ऊन अथवा हिवाळ्यातील कोरडी दुपार हा काळ निवडतात. गच्चीची पाहणी भरपूर ऊन पडलेल्या दिवशी सूर्यास्तानंतर करतात. कोरड्या ऋतूत पावसाच्या गळतीची परीक्षा करावयाची झाल्यास गच्चीवर पाणी साठवून किंवा भिंतीवर फवारून आधीची व नंतरची चित्रे ताडून पाहतात.

वरळी कोळीवाडा हे या अडचणी एकत्र आणणारे ठिकाण आहे. वरळीच्या उत्तर टोकावरील ही जुनी मच्छीमार वस्ती पश्चिमेस अरबी समुद्र आणि उत्तर व पूर्व बाजूंस माहीमचा उपसागर यांनी वेढलेली असून टोकाशी वरळीचा किल्ला आहे. समुद्राच्या तुषारांतील लवण वाऱ्याबरोबर येऊन भिंतींवर बसते व गिलाव्यात मुरते. सोडियम क्लोराइड सु. ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. त्यामुळे लवणयुक्त भिंत पावसाळ्यात कोठेही गळती नसताना ओलसर होते व हिवाळ्यात सुकून तिच्यावर पांढरा फुलोरा येतो. अशा भिंतीस छतदुरुस्तीचा काहीही उपयोग होत नाही. ओल अनेक भिंतींवर सारख्या प्रमाणात पसरलेली असणे आणि पाऊस थांबूनही हवेच्या दमटपणाबरोबर तिचे कमीजास्त होणे, यावरून ती ओळखतात.

वस्तीची रचनाही पाहणीच्या पद्धतीवर परिणाम करते. कोळीवाड्यात घरे परस्परांना खेटून असून गल्ल्या अरुंद आहेत. २४° दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या भिंगाने ३ मी. अंतरावरून भिंतीचा सु. १·२५ मी. रुंदीचा भाग दिसतो, पण १ मी. रुंद गल्लीतून जेमतेम ४० सेंमी. दिसतो. म्हणून विशालकोनी भिंग वापरून अनेक चित्रे जोडावी लागतात. कडेने तिरपे पाहून चालत नाही, कारण पृष्ठाच्या लंबाशी सु. ६०° हून अधिक कोन झाल्यास उत्सर्जकता घटते व तापमान चुकीचे दिसते. गल्लीतील भिंतींवर ऊन पोहोचत नसल्याने तेथे उन्हाच्या तापण्यावर विसंबता येत नाही. दोन घरांमधील सामाईक भिंतीची ओल कोणाच्या बाजूची, हे ठरविण्यासाठी दोन्ही घरांतून एकाच वेळी पाहणी करावी लागते. धातूच्या पत्र्यांची छपरे चित्रात आकाशाचे प्रतिबिंब दाखवितात. त्यांच्या बाबतीत पत्र्याऐवजी खालील लाकडी वासे, भिंतीचा माथा व पत्रा जेथे भिंतीला मिळतो तो सांधा तपासणे अधिक उपयुक्त असते. जुन्या घरावर नवीन मजला चढविला असल्यास जुन्या व नव्या बांधकामाच्या जोडावर विशेष लक्ष देतात.

गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळींत प्रश्न वेगळा असतो. लाकडी तुळयांची टोके विटांच्या भिंतीत बसविलेली असतात व ती बाहेरून दिसत नाहीत. लाकडातील पाण्याचे प्रमाण सु. २० टक्क्यांहून अधिक काळ टिकले, की कुजविणारी बुरशी वाढू शकते. मोरी किंवा सामाईक शौचालये यांना लागून असलेल्या तुळयांची टोके ऊष्माचित्रात थंड दिसल्यास तेथे भिंत उकलून प्रत्यक्ष तपासणी करणे अगत्याचे असते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळी या मुंबईतील प्रबलित काँक्रीटच्या आरंभीच्या मोठ्या बांधकामांपैकी होत. त्यांतील वरळीच्या चाळी १२१ होत्या. अशा बांधकामात लवण व पाणी सळयांपर्यंत पोहोचल्यास पोलादावरील संरक्षक थर नाहीसा होऊन गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुप्पट ते सहापट होत असल्याने काँक्रीट फुटते व त्याच्या खपल्या सुटतात. सुटलेल्या खपलीमागे हवेची पोकळी असल्याने उन्हात ती भोवतालापेक्षा उष्ण दिसते. त्यामुळे पडू पाहणारा गिलावा आधीच हेरता येतो.

मर्यादा : ऊष्माचित्रात थंड दिसणारा प्रत्येक भाग ओला नसतो. वातानुकूलकाचा झोत, गच्चीवरील पाण्याची टाकी, छायेतील पट्टा, वेगळ्या पदार्थाचे ठिगळ, चकचकीत टाइलवर पडलेले पाहणाऱ्याच्याच शरीराचे प्रतिबिंब यांमुळे फसगत होते. वातानुकूलनाच्या बाबतीत दवबिंदू लक्षात घ्यावा लागतो. ३०° से. तापमान व ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सु. २७° से. असतो. शेजारच्या घरातील वातानुकूलकामुळे सामाईक भिंत २४° से. पर्यंत थंड झाली असल्यास तिच्या दुसऱ्या बाजूस पाणी साकळते. ही ओल खरी असते, पण ती गळती नव्हे. याउलट खोलवरची किंवा जलरोधक थराखालची ओल पृष्ठाचे तापमान बदलत नसल्यास चित्रात मुळीच उमटत नाही. म्हणून चित्रात काही न दिसणे हा भिंत कोरडी असल्याचा पुरावा नव्हे.

यामुळे ऊष्माचित्रण हे पाहणीचे पहिले पाऊल मानतात व संशयित जागा अन्य चाचण्यांनी निश्चित करतात. विद्युत् रोधावर चालणारा ओलमापक सर्वांत सोपा असला, तरी लवणयुक्त भिंतीत तो पाण्याचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक दाखवितो. किनाऱ्यावर गिलाव्याचा नमुना काढून तो वाळविण्यापूर्वीचे व नंतरचे वजन घेणे हाच खात्रीचा मार्ग होय. न्हाणीघराच्या गळतीसाठी न्हाणी ट्रॅप बंद करून पाणी साठवितात, पाण्यात रंग मिसळतात किंवा उष्ण पाणी सोडून खालच्या छतावर उमटणाऱ्या उष्ण डागाचा माग घेतात. सळयांची स्थिती अर्धघट विद्युत् वर्चस्, काँक्रीटच्या कार्बोनेटीभवनाची खोली व क्लोराइडचे प्रमाण यांवरून ठरते. ताम्र-ताम्रसल्फेट विद्युत् अग्राच्या संदर्भात −३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण वर्चस् आढळल्यास गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. इमारत राहण्यायोग्य आहे की नाही, याचा निर्णय केवळ ऊष्माचित्रावरून देता येत नाही.

पाहणीच्या अहवालात तारीख व वेळ, हवेचे तापमान व आर्द्रता, आधीच्या दोन दिवसांतील पाऊस, उन्हाची स्थिती, गृहीत उत्सर्जकता, कॅमेऱ्याचे अंतर व त्याच जागेचे साधे छायाचित्र यांची नोंद असावी लागते. या नोंदींशिवाय ऊष्माचित्राची तुलना किंवा फेरतपासणी करता येत नाही.

सामाजिक व वैधानिक बाजू : ओलीचे मूळ कोठे आहे यावर दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हे अवलंबून असते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारे पावसाचे पाणी, बाहेरील भिंती व सामाईक नळ यांची गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेची असते, तर सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय किंवा मोरी यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदाने करावयाचा असतो. वरच्या व खालच्या मजल्यांवरील रहिवाशांमधील वाद बहुधा येथेच उद्भवतात व चुकीच्या निदानाने ज्याचा दोष नाही त्याच्यावर खर्च पडतो. गच्चीवर पाणी साठवून व न्हाणीघरात पाणी साठवून, अशी दोन्ही वेळची स्वतंत्र चित्रे घेतल्यास असे वाद पुराव्यानिशी मिटविता येतात.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या स्थैर्याची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे. शहरातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या अधिनियमान्वये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. १९७७ मध्ये ते महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा (म्हाडाचा) भाग झाले. अतिधोकादायक इमारती शोधण्यासाठी मंडळातर्फे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी केली जाते. पावसाळ्यापूर्वीचा हा काळ ऊष्माचित्रणासही उन्हामुळे सोयीचा असतो, पण मागील वर्षाची ओल तोवर बरीच सुकलेली असते. म्हणून पावसाळा संपताच एकदा व पुढील पावसाळ्यापूर्वी एकदा, अशा दोन वेळी त्याच जागांची चित्रे घेऊन ताडून पाहणे इष्ट ठरते. पहिल्या चित्रात थंड दिसलेला भाग दुसऱ्यात नाहीसा झाला असेल, तर ती पावसाची ओल होय. तो तसाच राहिला असेल, तर नळ, मोरी किंवा जमीन यांतून पाणी बारमाही येत आहे असा संशय घेऊन पुढील तपास करतात. दुरुस्तीनंतर पहिला पावसाळा उलटल्यावर तीच पाहणी पुन्हा केल्यास काम यशस्वी झाले की नाही, हे भिंत न फोडता समजते.